पाळणाघर नऊला उघडतं, शिफ्ट सातला लागते

मा. संपादक,
नमस्कार. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर आहे, बायको एका खाजगी हॉस्पिटलात नर्स, पोरगी साडेतीन वर्षांची, राहायला सिडकोत. बायकोची नाईट सकाळी आठला सुटते, माझी फर्स्ट सातला लागते, आणि जाण्यायेण्यासकट मधले ते दोन तास रोज कोणाकडून तरी उसने घ्यावे लागतात. शेजारच्या काकू होत्या तोवर निभावलं, दिवाळीनंतर त्या लेकाकडे पुण्याला गेल्या. जवळचं पाळणाघर नऊला उघडतं. अंगणवाडी तर त्याहून उशिरा.

जानेवारीत एकदा पहाटेच पोरीला कानटोपी घालून झोपेतच गाडीवर घेतलं, हॉस्पिटलच्या गेटवर बायकोच्या हातात दिलं आणि तसाच कंपनीत पळालो. थंब लावेपर्यंत सात वाजून नऊ मिनिटं. लेट मार्क, महिन्यातला तिसरा, म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार गेला. तिकडे पोरगी नर्सेसच्या खोलीत बाकावर झोपलेली बघून इन्चार्ज सिस्टरनी बायकोला सगळ्यांसमोर झापलं ते वेगळंच. जेवायच्या सुट्टीत पिशवी उघडली तर डब्याऐवजी दुधाची बाटली नि पोरीचा फ्रॉक, पिशव्यांची अदलाबदल झालेली. पोरं हसली, मी पण हसलो, मग जरा वेळ बाथरूमला जाऊन आलो.

लोक म्हणतात आईवडलांना आणा. ते दिंडोरीला, द्राक्षाचा बाग आहे, जानेवारी ते मार्च त्यांनाच माणूस मिळत नाही, त्यांना काय सांगणार.

कंपनीत पाळणाघराचं विचारलं तर एचआरचे साहेब म्हणे, आपल्याकडे बायकाच सहा, कोणासाठी काढायचं? आता 1948 चा कारखाने कायदा बायका मोजायचा, तीसच्या वर बायका असतील तरच पाळणाघर, हे खरंय. पण 2017 ला प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली (26 आठवड्यांची रजा सगळ्यांना माहितीय, तीच दुरुस्ती), त्यात 50 किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघर असं आलं, आणि 2025 पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहे. कर्मचारी! म्हणजे त्यात मी पण आलो की. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं असंही त्यात लिहिलंय, बापाचं नाव नाही, ते असो. पोरगी झाली तेव्हा मला रजा मिळाली तीन दिवस आणि ती पण माझ्याच खात्यातली, केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवस मिळतात आणि खाजगीत तसा कायदाच नाही.

त्याच कायद्यात अजून एक गोष्ट आहे जी कोणी बोलत नाही, की पाळणाघर प्रत्येकानं वेगळंच काढायला पाहिजे असं नाही, सामायिक पण चालतं. मग अंबडमध्ये एक, सातपूर एमआयडीसीत एक, आठ-दहा कंपन्यांनी मिळून काढायला हरकत काय? फक्त सकाळी साडेसहाला उघडा, सेकंड शिफ्ट सुटेपर्यंत चालू ठेवा, आणि आम्ही पैसे द्यायला तयार आहोत, फुकट कोणी मागत नाहीये. कामगार खात्यानं आणि उद्योजकांच्या संघटनांनी एकदा बसून एवढं तरी बघावं.

पुढच्या आठवड्यात माझी सेकंड आणि तिची मॉर्निंग आहे, म्हणजे जुळतंय. त्याच्या पुढच्या आठवड्याचं अजून ठरलेलं नाही.

– एक वाचक, सिडको, नाशिक