अनुकूलनाचा पाठ माळावर, थर्मामीटर घेऊन

महोदय,

‘उंटाला वाळवंटातील जहाज का म्हणतात?’ हा प्रश्न आजोबांच्या प्रश्नपत्रिकेत होता आणि नातवाच्याही आहे. उत्तरात ‘तो मदारीत पाणी साठवतो’ असे लिहिणारी मुले आजही ढिगाने सापडतात. दोष मुलांचा नाही. भिंतीवरच्या तक्त्यांत, गाइडांत आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत हेच सांगितलेले असते. वन्य प्राणी वेगवेगळ्या परिसंस्थांत कसे तग धरतात, हा मुलांच्या अत्यंत आवडीचा विषय. तो ‘वैशिष्ट्ये लिहा’ या एका ओळीत कोंबला की त्यातला जीवच जातो. म्हणून तो मोजून-मापून कसा शिकवता येतो, हे आपल्या वृत्तपत्राद्वारे शिक्षक आणि पालकांपुढे ठेवत आहोत.

सुरुवात उंटापासूनच करू. मदारीत चरबी असते. इतके सांगून थांबले की एखादे हुशार मूल लगेच विचारते, ‘मग त्या चरबीचे पाणी होते ना?’ प्रश्न चोख आहे. १०० ग्रॅम चरबी शरीरात जळली की सुमारे १०७ ग्रॅम पाणी तयार होते, हे खरे. पण ती जाळायला प्राणवायू लागतो, त्यासाठी श्वास जास्त घ्यावा लागतो आणि कोरड्या हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ओलावा बाहेर पडतो. जेवढे पाणी जमा होते तेवढे, किंबहुना त्याहून जास्तच, खर्ची पडते. मदार ही उंटाची शिदोरी आहे, घागर नव्हे.

आणखी एक गोष्ट. राजस्थानातल्या थर वाळवंटातले उंट वन्य नाहीत, ते पाळलेले आहेत. खरे रानटी उंट दोन मदारींचे असतात आणि ते मंगोलिया व चीनमधल्या गोबीच्या थंड वाळवंटात राहतात. ‘वाळवंटातील वन्य प्राणी’ या मथळ्याखाली राजस्थानच्या उंटाचे चित्र लावणे म्हणजे ‘माळावरचे वन्य प्राणी’ म्हणून शेळी दाखवण्यासारखे आहे.

मग शिकवायचे कसे? फळ्यावर दोन रकाने आखून पाण्याचा जमाखर्च मांडावा. जमेच्या बाजूला तीनच नोंदी: प्यायलेले पाणी, अन्नातला ओलावा आणि अन्न जळताना शरीरात तयार होणारे पाणी. खर्चाच्या बाजूला चार: श्वास, घाम, लघवी, विष्ठा. आता कोणताही प्राणी घ्या आणि मुलांना विचारा, याने कुठली नोंद वाढवली आणि कुठली घटवली? अमेरिकेच्या वाळवंटातला कांगारू उंदीर पाणी न पिता कोरड्या बियांवर जगतो. १०० ग्रॅम बार्लीपासून त्याला ५४ ग्रॅमच्या आसपास पाणी मिळते, आणि त्याची लघवी माणसाच्या लघवीपेक्षा चौपट दाट असू शकते. चिंकारा पानांतल्या ओलाव्यावर आणि दंवावर दिवस काढतो. उंट वजनाच्या पाव हिश्शाएवढे पाणी गमावूनही चालत राहतो. माणसाच्या दहा-बारा टक्क्यांतच जिवावर बेतते. पुढे पाणी मिळाले की उंट दहा-पंधरा मिनिटांत १०० लिटर पितो. इतके पाणी एकदम रक्तात आल्यावर आपल्या तांबड्या पेशी फुटल्या असत्या. उंटाच्या पेशी लांबट गोल असतात आणि मूळ आकाराच्या दुपटीहून जास्त फुगूनही टिकतात.

नववी-दहावीच्या मुलांना एक गणित जरूर घालावे. पाण्याची टंचाई असताना उंट आपले तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरू देतो आणि दुपारी ४० च्या वर चढू देतो. उंट ५०० किलोचा, शरीराची विशिष्ट उष्माधारकता (एक किलोला एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) पाण्याच्या सुमारे ०.८ पट आणि तापमानवाढ ६ अंश धरली, तर ५०० × ०.८ × ६ म्हणजे २,४०० किलोकॅलरी उष्णता त्याने दिवसभर अंगात साठवली. तीच घामावाटे घालवायची, तर लिटरमागे सुमारे ५८० किलोकॅलरी या हिशेबाने चार लिटरांहून थोडे जास्त पाणी लागले असते. तेवढे वाचले. साठलेली उष्णता रात्रीच्या थंड हवेत फुकट निघून जाते. मुले इथे हमखास एक चूक करतात: ५८० च्या जागी पुस्तकातला ५४० हा आकडा घालतात. तो १०० अंशांवर उकळणाऱ्या पाण्याचा आहे. घाम त्याहून पुष्कळ कमी तापमानाला उडतो, म्हणून आकडा मोठा. आणि हेही सांगावे की पाणी मुबलक असताना याच उंटाचे तापमान जेमतेम दोन अंशांनी हलते. चढउताराची ही काटकसर तो टंचाईतच करतो.

सगळ्यात मोलाचा प्रयोग मात्र बिळाचा. त्याला जैसलमेरला जावे लागत नाही. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या कोणत्याही उघड्या माळावर मार्च-एप्रिलमध्ये तो होतो.

सावली नसलेली, पाणी न दिलेली जागा निवडावी. पहारीने पाच सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर खोल भोक पाडावे, शेजारी १० सेंटीमीटर खोल दुसरे. प्रयोगशाळेतले स्पिरिटचे चार थर्मामीटर घ्यावेत. ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही. तो ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो आणि तापलेल्या मातीत फुटतो. भोकात सोडायच्या दोन्ही थर्मामीटरांच्या बल्बभोवती कापूस गुंडाळून वर मेणाचा पातळ थर द्यावा. हे केले नाही तर वर काढून वाचेपर्यंत पारा चढावा तसा स्पिरिट चढतो आणि नोंद फुकट जाते. थर्मामीटर बारीक बांबूला बांधून आत सोडावेत आणि भोकाचे तोंड चिंधीने घट्ट बंद करावे. तोंड उघडे राहिले की बाहेरची गरम हवा आत खेळते आणि मुले ‘बिळात काही थंड नसते’ असा उलटाच निष्कर्ष काढतात. तिसऱ्याचा बल्ब मातीच्या दोन-तीन मिलिमीटर थराखाली ठेवावा. उघड्यावर ठेवला तर माती राहते बाजूला आणि बल्बवर पडलेले ऊनच मोजले जाते. चौथा सावलीत, जमिनीपासून मीटरभर उंचीवर. अर्धा तास थांबून पहिली नोंद घ्यावी. मग सकाळी साडेसात, अकरा, दुपारी दोन आणि संध्याकाळी पाच अशा नोंदी घ्याव्यात.

दुपारी दोनला पृष्ठभाग ५० अंशांच्या पुढे गेलेला दिसतो. ४० सेंटीमीटरवरचा आकडा दिवसभरात एखाद-दुसऱ्या अंशाच्या आतच राहतो. खरी मजा १० सेंटीमीटरच्या भोकात आहे. पाच वाजता पृष्ठभाग निवायला लागलेला असतो, पण तिथला आकडा अजून चढत असतो, कारण दुपारची उष्णता मातीतून तिथवर पोहोचायला तीन-चार तास लागतात. हा आलेख स्वतःच्या हाताने काढलेल्या मुलाला उथळ बीळ का कामाचे नाही, हे वेगळे समजवावे लागत नाही. थरमधला वाळवंटी जरबिल (उंदरासारखा प्राणी), माळावरचे खोकड आणि सांडा (जाड शेपटीचा सरडा) हे तिघेही बिळाच्या आधाराने उन्हाळा काढतात. सांडा तर बिळाचे तोंड आतून मातीने लिंपून घेतो.

काळ्या मातीत हा प्रयोग फसतो. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि गरम हवा थेट खाली उतरते. मुरमाड जमीन घ्यावी. खणायला कष्ट पडतात, पण एकदा पाडलेले भोक झाकण लावून पुढच्या वर्षीही वापरता येते. आणि एक सक्त सूचना: आयत्या बिळात थर्मामीटर किंवा हात घालू नये. आत नाग, घोणस किंवा विंचू असू शकतो, आणि नसला तरी ते कुणाचे तरी घर आहे.

दुसरा प्रयोग लोकरीचा. ‘उंटाच्या अंगावर केस कशाला, त्याला उकडत नाही का?’ असे मुले विचारतात. एकाच मापाच्या दोन वाट्यांत ५० मिलिलिटर पाणी गोठवावे. दोन्ही खडे वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधावेत, एक घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळावा, दुसरा तसाच ठेवावा आणि दोन्ही लाकडी फळीवर उन्हात ठेवावेत. फरशीवर ठेवले तर खालून लागणाऱ्या उष्णतेने दोन्ही विरघळतात. पिशवी वगळली तर घोंगडी पाणी पिते आणि माप चुकते. अर्ध्या तासाने पिशव्यांतले पाणी मोजावे. घोंगडीतला बर्फ जास्त उरतो. बर्फाच्या लादीला भुसा आणि गोणपाट का लावतात, ते इथे कळते आणि केस कातरलेल्या उंटाला दीडपट घाम का येतो, तेही.

आता भाषेविषयी. ‘उंटाने स्वतःला वाळवंटाशी जुळवून घेतले’ हे वाक्य आपण सर्रास वापरतो. ते ऐकून मुलाला वाटते की शेळी थरमध्ये नेऊन ठेवली तर तिलाही मदार फुटेल. त्यावर औषध म्हणून लोकरीच्या धाग्यांचा खेळ घ्यावा. तीन सेंटीमीटरचे ६० तुकडे कापावेत, २० मातकट, २० हिरवे, २० पांढरे. वाळलेल्या गवताच्या पाच मीटर चौरस पट्ट्यात ते विखरावेत. चार-पाच मुले ‘शिक्रे’ होतात आणि १५ सेकंद दिसेल तो तुकडा उचलतात. उरलेल्या प्रत्येक तुकड्यामागे त्याच रंगाचा एक तुकडा वाढवून पुन्हा खेळावे. तीन फेऱ्यांत पट्टा मातकट होतो, आणि एकाही धाग्याने रंग बदललेला नसतो! मुलांना हे लख्ख दिसते. मटकी आणि काबुली चणे घेऊन हा खेळ करू नये. चणा मोठा असल्यामुळे आधी दिसतो आणि रंगाचा परिणाम की आकाराचा, हे ठरत नाही. पहिल्याच फेरीत सगळे वेचले गेले तर वेळ दहा सेकंदांवर आणावा.

वाळवंटासाठी घातलेला प्रश्न इतर परिसंस्थांनाही तसाच लागू पडतो: इथे टंचाई कशाची आहे? कोकणच्या खाडीतली निवटी ही मासळी ओहोटीला चिखलावर येते तेव्हा तिला ओलावा टिकवायचा असतो, कारण ती कातडीतून आणि तोंडातल्या ओल्या अस्तरातून श्वास घेते. म्हणून ती कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरते आणि चिखलात लोळते. सड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारावरच्या, डबक्यात टंचाई वेळेची. पाणी आटायच्या आत अंड्यातून बाहेर पडून, वाढून पुन्हा अंडी घालायची असतात. तिथल्या परी-कोळंबीची अंडी पुढच्या पावसापर्यंत कोरड्या मातीत तग धरतात. ध्रुवीय प्रदेशाच्या तक्त्यांवर पेंग्विन आणि पांढरे अस्वल शेजारी-शेजारी रंगवलेले असतात, ते मात्र ताबडतोब काढून टाकावेत. एक दक्षिणेचा, दुसरे उत्तरेचे. त्यांची गाठ कधीच पडत नाही.

आपल्या मुलांसाठी सर्वांत जवळचे उदाहरण माळरानाचे आहे. चिंकारा, खोकड, पखुर्डी, माळढोक हे थरचे रहिवासी आपल्याही माळांचे आहेत. सोलापूरजवळ नान्नज, कर्जत तालुक्यात काळविटांचे रेहेकुरी आणि बारामती तालुक्यात सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आहे. पखुर्डी हा माळावरचा पक्षी; त्याचा नर पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवतो आणि दूरवरच्या पिलांकडे उडत जातो. पिले त्या पिसांतून पाणी ओढून घेतात. कोंबडीच्या पिसावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, तो घरंगळतो. पखुर्डीच्या पोटावरच्या पिसांचे बारीक तंतू पीळदार असतात, ते भिजले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात.

आणि याच माळांना आपण ‘ओसाड’, ‘पडीक’ म्हणतो. पावसाळा आला की शाळेची मुले नेऊन तिथे झाडे लावण्यासाठी खड्डे खणतो. माळढोक उघड्या जमिनीवर, बहुधा एकच, अंडे घालतो. चिंकारा दूरवरचे दिसते म्हणून वाचतो. दाट झाडी झाली की हे प्राणी तिथून हटतात. झाडे गावठाणात लावा, रस्त्याकडेला लावा, शाळेच्या आवारात लावा. गवताळ माळ गवताळच राहू द्या. ‘सांड्याचे तेल’ कुठे विकायला दिसले तर तेही मुलांना सांगावे: पाल-सरड्यांच्या कुळातला हा प्राणी हिवाळ्याच्या सुप्तावस्थेत शेपटीतल्या चरबीवर जगतो, आणि अशा प्राण्याला चरबीसाठी पकडून मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

परीक्षेत ‘जहाज का म्हणतात’ याऐवजी वरच्या चार थर्मामीटरांच्या नोंदींचा तक्ता द्यावा आणि विचारावे: जरबिलाने बीळ किती खोल खणावे आणि चरायला केव्हा बाहेर पडावे? कारणासह, चार गुण. हा प्रश्न पाठांतराने सुटत नाही.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. अनुकूलनाचा पाठ सातवीत अगदी सुरुवातीला, म्हणजे जूनमध्ये येतो. तोवर वळीव पडून माती ओली झालेली असते, बाष्पीभवनाने पृष्ठभाग निवतो आणि बिळाच्या प्रयोगातला फरक निम्म्यावर येतो. त्यामुळे नोंदी सहावीच्या मुलांकडूनच एप्रिलमध्ये घेऊन वहीत जपून ठेवाव्यात. ते हुकले तर ऑक्टोबरच्या उन्हात, पण परतीचा पाऊस होऊन आठ-दहा दिवस गेलेले असावेत आणि वरची चार बोटे माती पुरती कोरडी झालेली असावी.

— सोलापूर जिल्ह्यातील काही विज्ञान शिक्षक