रविवारी इथे बाजार बंद असतो

श्टुटगार्ट, जर्मनी, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोकला गेला. आई, गोडा मसाला अजून अर्धा डबा आहे, इतक्यात कुणाबरोबर पाठवू नकोस. बाकी ऑफिस, ट्रेन, थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. पत्र अशासाठी की मी ऑफिसातली टीम लीडची जागा नाकारली, हा विषय फोनवर निघाला की बाबा गप्प होतात आणि फोन तुझ्या हातात देतात.

आधी इथल्या रविवारचं सांगतो. रविवारी इथे बाजारच बंद. किराणा नाही, कपडे नाहीत, काही नाही. बेकरी सकाळी काही तास, पेट्रोल पंप आणि स्टेशनातली दुकानं तेवढी उघडी. शनिवारी दूध आणायला विसरलात की सोमवारपर्यंत कोरा चहा. रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो. भिंतीला ड्रिल लावायचं नाही. पहिल्याच महिन्यात गणपतीची तसबीर लावायला मी ड्रिल काढलं, तर दुसऱ्या भोकाला खालच्या मजल्यावरच्या आजी दारात. रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "आज रविवार आहे." मला वाटलं, त्यांच्या घरी काही कार्य आहे. मग कळलं, हे यांच्या राज्यघटनेतच आहे. १९१९ च्या जुन्या जर्मन घटनेचं (तिला वायमार घटना म्हणतात) कलम १३९: रविवार आणि सणाचे दिवस कामातून विसावा आणि मनाची उन्नती यासाठी कायद्याने राखलेले. १९४९ च्या घटनेने ते तसंच ठेवलं. बाबा, एवढा उद्योगांचा देश, पण आठवड्यातला एक दिवस विकायला काढत नाही.

हे कळलं तेव्हा तुमचे रविवार आठवले. वागळे इस्टेटला रविवारी ओव्हरटाइमचे दुप्पट मिळायचे, म्हणून तुम्ही जायचात. दुपारी जेवायला बसलो की तुमचं ताट आई झाकून ठेवायची. माझं इंजिनिअरिंग त्या रविवारांवर झालं. हे मी विसरलो असं समजू नका.

तुम्ही विचारलंत, एवढा पगार आहे, मग टीम लीडची जागा नको का म्हणालास, काय बिनसलं? काही बिनसलेलं नाही. तब्येत ठीक आहे, साहेबांशी भांडण नाही, मी खचलेलोही नाही.

ईस्टर्लिन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७४ मध्ये एक गोष्ट मांडली. एका वेळी पाहिलं तर पैसेवाले गरिबांपेक्षा सुखी असतात, पण देशाचं उत्पन्न वर्षानुवर्षं वाढत गेलं तरी लोकांचं समाधान त्याबरोबर वाढत नाही, कारण माणूस स्वतःचं शेजाऱ्याशी ताडून बघतो. वाचताना मला आपली स्कूटर दिसली. आली त्या दिवशी आपण उपवनला गेलो, मी पुढे उभा, आई मागे पेढ्यांचा पुडा धरून. तुम्ही किती खूश होतात! वर्षभरात समोरच्यांनी मारुती घेतली आणि तुम्ही स्कूटर जिन्याखाली लावायला लागलात. स्कूटर तीच होती.

याच्या उलट सांगणारे अर्थतज्ज्ञही आहेत. श्रीमंत देश जास्त समाधानी असतात, हे ते आकड्यांनी दाखवतात. मलाही पैसा नकोसा नाही. पंचवीस तारखेनंतर आई डब्यातली नाणी मोजायची, तेव्हा प्रत्येक जादा रुपयाने घरात सुखच आलं. पण तुम्ही रोज सकाळी पेपरात विकासदर वाचता ना, तो ज्याच्या वाढीचा असतो ते राष्ट्रीय उत्पन्न अमेरिकेत मोजून देणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये बजावलं होतं की या आकड्यावरून देशाचं भलं क्वचितच कळतं. तुमच्या ओव्हरटाइमचा माल त्या हिशेबात धरला गेला. अँजिओप्लास्टीचं बिलही धरलं गेलं. आई ताट झाकून थांबायची ते कुठेच धरलं नाही.

आता खरं सांगतो. एप्रिलपासून मी आठवड्याला चारच दिवस काम करणार आहे. मोठ्या कंपन्यांत तास कमी करून मागण्याचा हक्क इथे २००१ च्या कायद्याने आहे, नोकरीला धोका नाही. पगार पाचव्या हिश्श्याने कमी होईल. औषधांचे आणि घरखर्चाचे पैसे तेवढेच येतील, एक रुपयाही कमी नाही. पण घोडबंदर रोडच्या फ्लॅटचं बुकिंग एवढ्यात जमणार नाही. बाबा, तुम्ही ब्रोशर जपून ठेवलंय, आईने सांगितलं मला. रागावा हवं तर, पण फोन आईकडे देऊ नका.

मावशीने सुचवलेल्या डोंबिवलीच्या मुलीला कमी पगाराचं आधीच सांगा. तिला मागाहून कळायला नको. तिला चालत असेल तर मी फोन करीन.

गणपतीला या खेपेस तीन आठवडे येतोय. त्यातले रविवार तुमचे. सकाळी तलावपाळीला फेरी मारू, मामलेदारची मिसळ खाऊ, तुमची कमी तिखट. त्याआधी ईसीजी करून घ्या. आई म्हणते झाला, पण रिपोर्टचा फोटो अजून आलेला नाही.

तुमचा,
धाकटा