परदेशी संच कशाला, भोपळा आहे की!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. मुलांची एखादी जुनी गोष्ट धरायची आणि भाषा, विज्ञान, भूगोल, गणित सगळं तिच्याभोवती गुंफायचं, ही 'नवी अमेरिकन पद्धत' असल्याचं त्यात म्हटलं होतं. त्यासाठीचे तयार संच मागवण्याचा सल्लाही होता. माझी आठ वर्षांची मुलगी घरी शिकते आणि गोष्टीवरूनच शिकते, म्हणून हे पत्र.

पद्धत उत्तम आहे, पण तिला नवी म्हणू नये. गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या बालमंदिरात शंभर वर्षांपूर्वीच गोष्टीला मानाचं पान दिलं होतं. नव्या शैक्षणिक धोरणातही (2020) गोष्टींतून शिकवण्याचा उल्लेख आहे. माझं भांडण आहे ते संचांशी. मैत्रिणीने मागवलेला एक संच मी पाहिला. छपाई देखणी, कागद गुळगुळीत, पण सगळं बर्फ, स्लेज आणि मॅपलची पानं. मिरजेच्या उन्हाळ्यात पंख्याखाली बसून पोरानं मॅपलची पानं रंगवायची! त्याला प्रश्न पडला तर उत्तर शोधायला जायचं कुठे? पुन्हा त्या संचातच.

आम्ही म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेतली. लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा, असं सांगून वाघ-कोल्ह्याला गुंगारा देणारी म्हातारी. मुलीचा पहिलाच प्रश्न होता, भोपळ्यात म्हातारी मावते का? मी उत्तर दिलं नाही, तिला सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. तिथे तंबोऱ्याचे भोपळे टांगलेले, रचलेले असतात. ते येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठच्या शेतांतून. कारागिरांनी तिला कापलेला, आतून साफ केलेला एक भोपळा दाखवला. तिला आत बसायचंच होतं. त्याला अर्थातच नकार मिळाला, पण तोंड आत घालून बोलायला परवानगी मिळाली. 'म्हातारी कोतारी मला नाही माहीत' हे तिने आत म्हटलं आणि आपलाच आवाज घुमलेला ऐकून ती चपापली. मग बाहेर तेच वाक्य, पुन्हा आत तेच. पोकळ भोपळा आवाज कसा भरदार करतो, हे त्या काकांनी तार छेडून तिला ऐकवलं. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंबोऱ्यांकडे वळले, हा इतिहासही तिथेच कळला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या गावची ही गोष्ट कुठल्या संचात सापडणार?

घरी सासूबाईंनी त्यात भर घातली. त्यांच्या लहानपणी पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत, आणि नदी उतरायला भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड असे. म्हणजे भोपळ्याच्या आधाराने प्रवास ही काही नुसती थाप नव्हे. कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावी तर 1999 मध्ये पोखरलेल्या अवाढव्य भोपळ्यांत बसून होड्यांसारखी शर्यत लावायला लोकांनी सुरुवात केली. तो व्हिडिओ पाहून म्हातारीचा प्रश्न आमच्यापुरता निकालात निघाला.

परसात लाल भोपळ्याचा वेल आहे. आधी नुसती नरफुलं येतात, सासूबाई त्यांची भजी करतात. मादीफुलाच्या खाली सुपारीएवढा भोपळा आधीपासूनच असतो, तो मुलीने स्वतः शोधला. ही फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात, त्यामुळे एरवी आठाशिवाय न उठणारी पोर उजाडताच वेलाशी जाऊन नरफुलाचा पराग मादीफुलावर टेकवायची. जे फूल राहून गेलं, त्याचा भोपळा पिवळा पडून गळला. परागीभवन म्हणजे काय, हे त्यानंतर मला समजावून सांगावं लागलं नाही. हा लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला, इकडे पोर्तुगीज आल्यानंतरचा. दुध्याच्या जातीचा भोपळा मात्र आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. मग म्हातारीचा भोपळा कोणता, यावर घरात अजून दोन तट आहेत. हीच गोष्ट बंगालातही सांगतात, तिथे भोपळा दुध्याच. इराणातही ती आहे, तिथे म्हातारीच्या वाटेवर लांडगा, बिबट्या आणि सिंह येतात. इराणपासून बंगालपर्यंतचा नकाशा मुलीने त्यासाठी काढला. आमच्याच जिल्ह्यातलं चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, म्हणून वाघ मात्र तिने तिथे बसवला.

पण गोष्टीतून सगळंच येतं असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. पाढे गोष्टीतून येत नाहीत. ते पाठच करावे लागतात, रोज, कंटाळा आला तरी. जोडाक्षरांचंही तेच. ओढून-ताणून बेरजेच्या गणितात म्हातारी घुसवली, की गोष्टही जाते आणि गणितही. उलट 'म्हातारी लेकीकडेच का नाही राहिली?' हा मुलीचा प्रश्न कुठल्याच विषयाच्या वहीत बसत नव्हता, आणि त्यावर सासूबाई जे बोलल्या ते एक पुस्तक होईल. 'गोडी आहे तोवर निघावं' एवढंच इथे लिहिते.

लोक विचारतात, परीक्षेचं काय? राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी, आठवी, दहावीची परीक्षा देता येते. मित्रमैत्रिणींचं काय? संध्याकाळी खो-खोच्या मैदानावर या, पोर घरी यायला तयार नसते. आणि हे सगळं जमतं, कारण घरी आजी आहे आणि माझं काम घरून चालतं. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी शाळा सोडवावी, असं मी मुळीच म्हणणार नाही. भोपळा वर्गातही नेता येतो.

एक विनंती. आपल्या रविवारच्या बालपानात या गोष्टीची गावोगावची रूपं वाचकांकडून मागवावीत. सासूबाईंच्या माहेरी, जतच्या माळावर, म्हातारीला आधी लांडगा भेटतो, मिरजेत मी ऐकलेल्या गोष्टीत लांडगा नाहीच. कोकणात कोण भेटतं, चंद्रपूरकडे वाघ काय बोलतो आणि तूपरोटीच्या जागी कुठे काय खातात, हे छापून आलं तर पुढच्या महिन्याचा आमचा अभ्यास तयारच आहे.

आपली,
एक वाचक-पालक, मिरज