शेवटचा भाग दाखवू का गं?

प्रिय नीलू,

व्हॉट्सॅपवर नुसते अंगठे पाठवतो आपण एकमेकींना, पण हे तिथे मावणारं नाही. आईचा गुडघा बरा आहे, घरात फिरते, काळजी नको. मुद्द्यावर येते.

इराने स्टार ट्रेकची ती एन्टरप्राइझ मालिका संपवत आणलीय. त्यातल्या कॅप्टनच्या पोर्थोस कुत्र्यामुळे सोसायटीतल्या मोत्यालाही चीज खायला घालते मेली. काल टेरा प्राइम हा शेवटून दुसरा भाग झाला. जहाजाचा इंजिनियर ट्रिप रडत सांगतो ना, की त्याचं आणि टिपॉलचं बाळ गेलं ते क्लोनिंगमधल्या चुकीमुळे, माणूस आणि तिच्यासारख्या व्हल्कन परग्रहवासीयाचं मूल खरं तर होऊ शकतं, आणि टिपॉल काही न बोलता त्याचा हात धरते, तिथे पोरगी माझ्या खांद्यात तोंड खुपसून हमसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, मावशी, आता शेवटचा ना? शनिवारी बघायचा? मी म्हटलं बघू.

दाखवू का गं?

ती झोपल्यावर मी एकटीने परत पाहिला. वाटलं होतं एव्हाना राग निवळला असेल. कुठचं काय! 13 मे 2005 ला अमेरिकेत हे दोन्ही भाग एकाच संध्याकाळी लागले होते, म्हणजे टिपॉलने हात धरला त्याच्यावर लगेच हे, एकदम सहा वर्षं पुढे, 2161. कुणाला बढती नाही, दुभाषी होशी अजून एन्साइन या सगळ्यात खालच्या हुद्द्यावरच, ट्रिप-टिपॉलचं कधीच मोडलंय. आणि हे सगळं कोण बघतंय, तर दोनशे वर्षांनंतरचा, दुसऱ्या मालिकेतला रायकर, होलोडेकमध्ये, म्हणजे जुने प्रसंग हुबेहूब उभे करणाऱ्या खोलीत, कारण पेगासस जहाजाचं गुपित त्याच्या कॅप्टन पिकार्डला सांगायचं की नाही हे त्याला ठरवता येत नाहीये. आपल्याच सेंड-ऑफला खुर्च्या लावायला लावाव्यात तसं केलंय गं त्या कॅप्टन आर्चरचं आणि त्याच्या माणसांचं. निर्माते बर्मन-ब्रागा यांना म्हणे हे चाहत्यांसाठी प्रेमपत्र वाटत होतं.

तू म्हणशील होलोडेकमधलं रेकॉर्ड ते, खरं काय घडलं कुणी बघितलंय. हॉस्टेलच्या गच्चीवर हेच म्हणाली होतीस आणि परीक्षा संपेपर्यंत मी तुझ्याशी बोलले नव्हते. नंतर 2007 ची ती कादंबरी नाचवत आलीस, ज्यात ट्रिप मेलाच नाही, मरणाचं नाटक करून हेरगिरीला गेला. मला नाही पटलं, अजूनही नाही. पडद्यावर मेला ना तो! आर्चरच्या परग्रही मित्राच्या, श्रानच्या मुलीला पळवणारे गुंड जहाजावर घुसतात, आर्चरला वाचवायला हा स्वतःसकट स्फोट घडवतो. झिंडी या परग्रही शत्रूंशी झालेल्या लढाईतून वाचलेला माणूस, आणि असा जातो?

पण काल एक गोष्ट नव्याने दिसली. चार सीझन शेफ-शेफ करतात पण त्याचा चेहरा कधी दाखवला नाही, आपण पैजा लावायचो आठवतं? शेवटी त्या शेफच्या जागी रायकर उभा, आणि एकेक जण स्वयंपाकघरात येऊन त्याच्याशी मनातलं बोलतो. ट्रिपसुद्धा. सीन चांगले आहेत नीलू, कॉनर ट्रिनियर तर काय सुंदर करतो! म्हणूनच जीव तुटतो. जे टिपॉलच्या कानावर पडायला हवं ते त्या रायकरला सांगतोय.

आणि भाषण. टेरा प्राइममध्ये आर्चर बोलतो ते आपण ऐकतो. इथे फेडरेशनचा, म्हणजे ग्रहांच्या संघाचा जन्म, सभागृह भरलेलं, तो बोलायला उभा राहतो आणि रायकर प्रोग्रॅम बंद करतो. ज्याच्यासाठी चार सीझन काढले ते भाषणच नाही. मी लॅपटॉप आपटला.

टेरा प्राइमलाच संपलं म्हणून सांगावं, तर खोटं बोलायचं नाहीये मला तिच्याशी, आणि 98 भाग आहेत हे तिला पाठ आहे. शिवाय शेवटचा तो मिनिट आहे ना, पिकार्ड, कर्क, आर्चर, तीन मालिकांचे तीन कॅप्टन, एकाचं वाक्य दुसऱ्याने उचलायचं, तीन जहाजं एकामागून एक. काल चिडलेली असूनही अंगावर काटा आला. तो तिचा चुकायला नको.

तुझी बदली झाली का? सासूबाईंचं डोळ्याचं काय झालं, रोहनला कुठलं कॉलेज मिळालं? सगळं लिही.

तर मी दाखवते. पण ट्रिपचं तू बघ. रविवारी सकाळी इरा तुला फोन करेल, रडवेलीच असेल, तेव्हा तिला तुझी ती कादंबरी सांग, अगदी सुरुवातीपासून, मी मधे बोलणार नाही. आणि तुझी प्रत सापडली तर कुरियर कर, ती मागणारच.

तुझी,
शुभा