कार्बन मुरत नाही, म्हणून आधी नीट ऐकून घे

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

लाकडी गिटार नको, कार्बन फायबरचीच अकूस्टिक घ्यायची, हे तू पक्कं केलंस. निर्णय चांगला आहे. पण पैसे मोजण्याआधी एक गोष्ट समजून घे. लाकूड मुरतं, कार्बन मुरत नाही. स्प्रूस लाकडाचा टॉप, म्हणजे तारांखालची वरची फळी, वर्षानुवर्षं वाजत राहिला की त्याचा आवाज मोकळा होतो असं वादक सांगतात. हवेतल्या दमटपणाने तो फुगतो, कोरडेपणाने आखडतो, तारांच्या ओढीने हळूहळू वर येतो. कार्बनचे धागे इपॉक्सीत, म्हणजे कडक होणाऱ्या चिकट राळेत, एकदा पक्के बसले की यातलं काहीच होत नाही. म्हणजे ‘दोन वर्षं वाजव, मग खुलेल’ ही आशा इथे ठेवायची नाही. पहिल्या दिवशी ऐकशील तोच आवाज दहा वर्षांनी ऐकशील. नेकचा, म्हणजे मानेसारख्या लांब दांड्याचा, कोन चुकलेला असेल तर तोही तसाच राहील. त्यामुळे सगळी पारख घेण्यापूर्वीच करायची.

ही वाद्यं काही कालपरवाची नाहीत. अमेरिकेतल्या ओव्हेशन कंपनीने १९६६ मध्ये फायबरग्लासची गोल पाठ असलेल्या गिटार आणल्या आणि १९७६ मध्ये ‘अ‍ॅडमास’ या मॉडेलला कार्बनचा टॉप बसवला. संपूर्ण कार्बनची गिटार प्रत्यक्षात आणण्यात हवाईमधल्या जॉन डेकर या भौतिकशास्त्रज्ञाचा, म्हणजे त्याच्या ‘रेनसाँग’ या कंपनीचा मोठा वाटा आहे. आयर्लंडमधली ‘एमराल्ड’ आणि अमेरिकेतली ‘मॅकफर्सन’ हीसुद्धा या कामातली जाणती नावं.

आता ‘कार्बन’ या शब्दाकडे ये, कारण तो फार सैल वापरला जातो. कार्बनचं कापड किंवा एका दिशेचे लांब धागे साच्यात थरावर थर रचून, इपॉक्सी घालून, दाब आणि उष्णता देऊन पक्के केलेले, हा झाला खरा प्रकार. दुसऱ्या प्रकारात पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकमध्ये कार्बनचे आखूड तुकडे मिसळून ते वितळवून साच्यात भरतात. तिसऱ्यात फक्त टॉप कार्बनचा असतो आणि बाजू, पाठ दुसऱ्या कशाची तरी. शिवाय नुसती विणीची नक्षी छापलेलं प्लास्टिकही मिळतं. ओळखायचं असेल तर मोबाइलचा टॉर्च साउंडहोलमधून, म्हणजे बॉडीवरच्या भोकातून, आत मार. थर रचलेल्या गिटारच्या आतल्या बाजूला बहुधा कापडाचा पोत आणि क्वचित जोडाची रेघ दिसते. वितळवून भरलेल्या गिटारच्या आत गुळगुळीत काळा पृष्ठभाग, प्लास्टिकच्या बरगड्या आणि साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांच्या गोल खुणा दिसतात. प्रवासापुरती हवी असेल तर हा दुसरा प्रकार वाईट नाही. पण तो कमी ताठ असतो आणि उष्णतेला लवकर नरमतो. त्याला थर रचलेल्या गिटारच्या भावात घेऊ नकोस.

आवाज तपासायला पुरेसा वेळ काढ. गिटारवर तारा नव्या आहेत का आणि कोणत्या जाडीच्या आहेत, ते आधी विचार. जुन्या गंजक्या तारांनी कार्बनचा चकचकीतपणा झाकला जातो आणि घरी नव्या तारा चढवल्यावर ती अचानक बोचरी वाटते. नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. प्रत्येक तारेवर मोकळ्या स्वरापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर सारख्याच जोराने वाजव. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड, तारेवर दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत कान विशेष उघडे ठेव. मोठ्या बॉडीच्या आतल्या हवेचा स्वतःचा स्वर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तो याच जागेत पडतो. तिथला एखादा स्वर इतरांपेक्षा थोडा भरलेला येणारच. पण तो घुमून बाकीच्या स्वरांवर चढत असेल तर ती गिटार सोड. लहान बॉडीत ही जागा आणखी वर सरकते. नंतर दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला दे आणि समोर तीन-चार पावलांवर बसून ऐक. काही मॉडेलांत साउंडहोल वरच्या कडेला असतं. तिथे वाजवणाऱ्याला जे ऐकू येतं ते समोरच्याला येतंच असं नाही.

मग मापं घे. सोबत पोलादी मिलिमीटर पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) ठेव. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि बॉडी सुरू होते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाब आणि मधल्या, सहाव्या-सातव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतलं अंतर बघ. ०.१ ते ०.२५ मिमी असावं. झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे एक-दोन कागद. हा नेकचा हलका बाक. प्रत्येक कार्बन गिटारमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक कमी-जास्त करणारी सळई, असतोच असं नाही. असेल तर बाक बदलता येतो. नसेल तर कारखान्याने दिला तोच कायमचा, म्हणून रॉड नसलेल्या गिटारमध्ये हे माप चुकलेलं असेल तर पुढे जाऊच नकोस. त्यानंतर अ‍ॅक्शन. ही तारेची फ्रेटपासूनची उंची. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली २ ते २.३ मिमी, पहिल्या तारेखाली १.५ ते १.८ मिमी.

अ‍ॅक्शन जास्त असेल तर सॅडल (बॉडीवरच्या ब्रिज नावाच्या ठोकळ्यात बसवलेली, तारा टेकतात ती पट्टी) खालून घासून कमी करता येते. इथे पुष्कळजण एकच हिशेब चुकतात. बारावी फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असते, म्हणून तिथे ०.५ मिमी उतरवायचं तर सॅडल १ मिमी घासावं लागतं. घासल्यावर सॅडल ब्रिजच्या वर किमान दोन-अडीच मिमी उरलं पाहिजे. आताच ते जेमतेम तेवढं असेल आणि तरी तारा उंच असतील, तर दोष नेकच्या कोनात आहे. लाकडी गिटारचा नेक कारागीर सोडवून पुन्हा बसवतो. एकसंध साच्यात घडवलेल्या कार्बन गिटारला ती सोय नाही. घासताना सपाट काचेवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर ठेव, सॅडलच्या तळाला पेन्सिलचे आडवे पट्टे काढ आणि ते सगळीकडून सारखे पुसले जातात का बघत जा. तळ जरा जरी गोल झाला तर सॅडलखालच्या पिकअपवर, म्हणजे तारांचा कंप टिपून विजेत बदलणाऱ्या पट्टीवर, दाब सारखा पडत नाही आणि अ‍ॅम्पमध्ये एखादी तार दबून येते. लोक पिकअपला दोष देतात, पण चूक घासण्यात झालेली असते.

नट, म्हणजे नेकच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाब आणि पहिल्या फ्रेटवर बघ. केसभर फट दिसली की पुरे. ती जास्त असेल तर पहिल्या तीन फ्रेटमधले कॉर्ड चढे लागतात, ट्यूनर मोकळी तार बरोबर दाखवत असला तरी. नटजवळ झीरो फ्रेट, म्हणजे तारा टेकवणारी जादा फ्रेट, असेल तर ही काळजी मिटली.

तंबोऱ्याला जवारी लागते, गिटारला ती नको. फ्रेटवर तार झणझणत असेल तर कुठे झणझणते यावरून कारण कळतं. फक्त मोकळी तार झणझणली तर नटची खाच खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझणली तर नेक जास्त सरळ किंवा उलटा वाकलेला आहे. वरच्या फ्रेटवर झणझणली तर सॅडल बुटकं आहे, आणि एकाच जागी झणझणली तर पुढची फ्रेट उचललेली आहे. बऱ्याच कार्बन गिटारच्या फ्रेट स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्या झिजायला फार वेळ लागतो, पण त्या घासणं कष्टाचं काम आहे, सवय असलेल्या कारागिराकडूनच करून घे. आणि खडखड बॉडीतून येत असेल तर फ्रेटकडे बघण्याआधी खुंटीचा नट, पट्ट्याचं बटण, बॅटरीचा कप्पा आणि आत लोंबणारी पिकअपची वायर बघ. पातळ कार्बनवर वायर जरा टेकली तरी टकटक मोठी ऐकू येते. चिकटपट्टीच्या छोट्या तुकड्याने ती कडेला बांधून टाक.

तारांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कार्बनचा टॉप ताठ आणि हलका असतो, त्यामुळे वरच्या पट्टीचे स्वर आधीच धारदार येतात. त्यावर ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्ताच्या ब्रॉन्झ तारा चढवल्या की आवाज कानाला टोचतो. फॉस्फर ब्रॉन्झने सुरुवात कर. तरीही धार जास्त वाटली तर मोनेल, म्हणजे निकेल-तांब्याच्या मिश्रधातूच्या तारा, बघ. १२–५३ चा सेट (आकडे म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) नेहमीच्या सुरात सुमारे ७३ किलोची ओढ देतो. कंपनीने त्याहून हलका सेट सांगितला असेल तर तोच लाव. बदलताना सगळ्या तारा एकदम काढल्या तरी चालतात. तारेचं बुंधं, म्हणजे गोल मणी, ब्रिजच्या पट्टीला आतून टेकला पाहिजे. तो ब्रिजमध्ये तार अडकवणाऱ्या पिनच्या टोकावर बसला तर सूर चढवताना पिन उडते. म्हणून पिन बसवून अंगठ्याने दाबून धर आणि तार वर ओढून बघ. खुंटीवर जाड तारेचे दोन, बारीक तारेचे तीन वेढे पुरतात.

आता एक गैरसमज काढून टाक. कार्बनची गिटार सुरात राहते, पण तिचा सूर मुळीच हलत नाही असं नाही. कार्बन तापमानाने जवळजवळ प्रसरण पावत नाही. तारा मात्र पोलादाच्या गाभ्याच्या. गार खोलीत लावलेली गिटार उन्हात नेलीस की तारा लांबतात आणि सूर उतरतो. सावलीत आणून दहा मिनिटं ठेव आणि मगच खुंटीला हात लाव. पावसाचं पाणी बॉडीला काही करत नाही, पण तारा गंजतात, खुंट्यांत पाणी शिरतं आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स तर अजिबात जलरोधक नसतं. खारं पाणी जास्त वाईट, कारण कार्बन विजेचा वाहक आहे आणि त्याला टेकलेले हलक्या धातूचे स्क्रू ओलाव्यात लवकर खाल्ले जातात. भिजली की पुसून, तिच्या केसच्या, म्हणजे पेटीच्या, बाहेर वाळव. बंद गाडीत उन्हात ठेवू नकोस. इपॉक्सी टिकेल कदाचित, पण ब्रिजचा डिंक आणि बॅटरी टिकतील याची खात्री नाही. फ्रेटबोर्डला तेल लावायची गरज नाही. ओलसर मऊ कापड आणि सौम्य साबण पुरे. अ‍ॅसिटोन मात्र जवळ आणू नकोस.

सगळ्यात मोठी भीती ठोकराची. कार्बन वाकत नाही, त्याचे आतले थर सुटतात, आणि बाहेर नुसता चरा दिसतो. धक्का लागला तर त्या जागेभोवती बोटाच्या नखाने टकटक कर. एखाद्या जागी आवाज बद्द आला तर तिथे थर सुटलाय. स्वतः भोकं पाडू नकोस, पट्ट्याच्या बटणासाठीसुद्धा नाही. ती धूळ फुप्फुसाला वाईट आहेच, शिवाय वाहक असल्यामुळे सर्किटमध्ये पडली तर शॉर्ट करते.

आतून कंप देऊन रिव्हर्ब (घुमारा) उमटवणारं सर्किट असलेली गिटार बघितलीस तर आधी ते बंद करून वाजव. सर्किट बॉडीच्या खूप आधी जुनं होईल, आणि मग उरेल ती नुसती गिटार.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस उजव्या हाताकडे लक्ष दे. कार्बनमध्ये स्वर लवकर विरत नाही. लाकडी गिटारवर कॉर्ड बदलताना मागचा आपोआप मावळतो, इथे दोन कॉर्ड एकमेकांत मिसळतात. तळव्याची कडा ब्रिजजवळ तारांवर हलकी टेकवायची सवय लाव. डाव्या हाताची बोटंही दाब सोडून तारेवर क्षणभर राहू देत. पिक ०.७ मिमीपेक्षा पातळ नको, पातळ पिकचा टकटकाट इथे फार ऐकू येतो. आणि जोर कमी कर. हलक्या स्पर्शालाही ही गिटार पूर्ण आवाज देते, तीच तिची खरी मजा. डीएडीजीएडीसारखे (सहा तारा अनुक्रमे डी, ए, डी, जी, ए, डी या स्वरांत) मोकळे सूर लावून बघ. नेक ताठ असल्यामुळे एक तार उतरवली की बाकीच्या फारशा सरकत नाहीत, आणि मोकळ्या तारांची गुंज लांबवर टिकते. त्या गुंजेत एकेक स्वर सावकाश टाकत बस, घाई नको.

पहिल्याच दिवशी बाक, दोन्ही तारांखालची अ‍ॅक्शन, सॅडलची उंची आणि तारांचा सेट एका कागदावर तारखेसह लिहून केसमध्ये ठेव. पुढे कधी मापात अर्धा मिमी फरक दिसला तर तो हवेचा नाही, काहीतरी सुटलंय. मग तारा सैल कर आणि मला ताबडतोब कळव.

तुझी,
आई