ग्रामीण रुग्णालयाच्या दंत विभागातील डॉक्टर मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गटातील सर्व आशा सेविकांच्या वतीने हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे, कारण समक्ष आभार मानले असते तर आपण नेहमीप्रमाणे ‘पुढचा पेशंट पाठवा’ म्हणून विषय संपवला असता.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला. त्यातून दंतखुर्ची, साहित्य आणि कंत्राटी डॉक्टर-सहायकांसाठी राज्यांना निधी मिळतो, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा हा खर्च आपल्या राज्यात केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. कागदावर हे सरळ दिसते. प्रत्यक्षात खुर्ची आली तरी तिची यंत्रे हवेच्या दाबाने चालवणारा कंप्रेसर बिघडला की ती नुसती बसायची होते, आणि दात भरायचे सिमेंट संपले की वाचू शकणारी दाढही काढावी लागते. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले, ही मोठीच सोय झाली. पण साहित्य नसेल तर फुकट मिळते ते दाढ उपटणेच. आयुष्मान कार्ड पुढे करून दात भरून मागणारेही आमच्याकडे येतात, त्यांना ही योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे हे समजावताना आमचीच दमछाक होते.

आपण येण्याआधी आमच्या तालुक्यात हीच गत होती. आपण कंप्रेसरच्या दुरुस्तीसाठी रुग्ण कल्याण समितीपुढे, म्हणजे रुग्णालयाच्या सोयी आणि खर्च पाहणाऱ्या समितीपुढे, विषय मांडलात, सिमेंट, रूट कॅनालच्या बारीक सुया (फाइल्स) आणि भुलीच्या इंजेक्शनांची मागणी वार्षिक आराखड्याच्या वेळी आकड्यांसह लिहून दिलीत, आणि त्यासाठी ‘काढलेले दात’ व ‘वाचवलेले दात’ असे दोन वेगळे रकाने नोंदवहीत स्वतः आखलेत. निधी मंजूर करणाऱ्याला पहिला रकाना पुरेसा वाटतो. दुसरा रकाना मागितला कोणी नव्हता, तरी तो भरला गेला म्हणूनच पुढची मागणी कोणाला नाकारता आली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे हंगामाला निघाली की सहा-सहा महिने परतत नाहीत. रूट कॅनालला दोन-तीनदा यावे लागते, म्हणून ‘काढूनच टाका’ हा त्यांचा ठरलेला हट्ट असतो. खाजगीत हेच काम कॅपसह काही हजारांत जाते, आणि उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेऊन निघालेल्या माणसाजवळ ते हजार नसतात. आपण दसऱ्याआधीचे आठवडे या कुटुंबांसाठी राखून ठेवलेत आणि कोणाला कधी बोलवायचे याची यादी आमच्या हाती दिलीत. त्या यादीमुळे आमचे काम वाढले, हे लपवत नाही, पण कामाला अर्थ आला.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र दाढेची नाही. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यांतील बहुतेक जण ती खात किंवा लावत होते. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही पुडी कुठे मिळते हे गावात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दात दुखतो म्हणून आलेल्या प्रत्येकाला आपण आधी त्याची स्वतःचीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगता, तोंड किती उघडते ते पाहायला. बोटे जात नाहीत, तेव्हा माणूस स्वतःच गप्प होतो. मग गालाच्या आतला पांढरा चट्टा, जो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, बॅटरीच्या उजेडात आपण त्याच्या बायकोलाही दाखवता आणि तिच्या मिशरीचीही चौकशी त्याच बैठकीत उरकता. अशांपैकी काहींना वेळेत पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवता आले, ते आपल्या या सवयीमुळे.

म्हाताऱ्या माणसांच्या कवळीची सोय अजून इथे नाही आणि त्यांना छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचा रस्ता धरावा लागतो. त्यासाठी आम्ही गटातर्फे रुग्ण कल्याण समितीला निवेदन दिले आहे. त्याला जोडायला आपल्या नोंदवहीतील आकडे लागतील, तेवढे पुढच्या बैठकीआधी मिळावेत ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक आशा गटप्रवर्तक