थंडीत अडणाऱ्या जुन्या गाड्या आणि अकारण होणारा खर्च

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की आपल्या वृत्तपत्रात थंडीच्या कडाक्याच्या बातम्या सुरू होतात. हरभऱ्याला ती कशी मानवते, संत्र्याच्या आंबिया बहाराच्या ताणाचे काय, वृद्धांनी आणि दम्याच्या रुग्णांनी कोणती काळजी घ्यावी, हे सारे त्यांत सविस्तर येते. पहाटे अंगणात सेल्फ मारमारून थकलेल्या जुन्या गाड्यांबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. आमच्या भागात अशा गाड्या थोड्याथोडक्या नाहीत. कोणाची २०१४ साली उत्पादन बंद झालेली मारुती ८००, कोणाची टाटा सुमो किंवा इंडिका, कोणाची पहिल्या मालकाने पंधरा वर्षे वापरून विकलेली बोलेरो. हौसेपोटी यातली एखादीच असेल. रात्री-अपरात्री तालुक्याच्या दवाखान्यात रुग्ण न्यायचा, तर अर्ध्या गल्लीचा भरवसा तिच्यावर असतो. त्यामुळे ती नेमकी कडाक्याच्या पहाटे अडली की घाबरून भलताच खर्च केला जातो, आणि हे पत्र त्या खर्चाविषयी आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्याकडच्या थंडीत अडणाऱ्या जुन्या गाडीचे बहुतेक दुखणे मे महिन्यातच लागलेले असते, ते किरकोळ असते, आणि ते मुळापाशी जाऊन शोधले तर सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर), बॅटरी किंवा अख्खी गाडी बदलण्याची पाळी सहसा येत नाही. विदर्भाची थंडी बोचरी खरी. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पण शून्याखाली तो जात नाही, म्हणून रेडिएटरमधले पाणी गोठून इंजिनाला तडा जाण्याची भीती येथे बाळगण्याचे कारण नाही. डिझेल गोठल्याची तक्रारही बहुधा निराधारच असते. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळ्यात विकल्या जाणाऱ्या डिझेलने ३ अंशांपर्यंत वाहते राहायला हवे, आणि त्याहून कडक थंडीसाठी, म्हणजे लडाखसाठी, इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे वेगळे डिझेल आणले. तेव्हा टाकीत रॉकेल ओतण्याचा सल्ला जो कोणी देईल त्याला नम्रपणे नकार द्यावा. डिझेल पंपाला वंगण डिझेलमधूनच मिळते आणि रॉकेलाने ते पातळ होते.

पहिला मान अर्थातच बॅटरीचा. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४५ अंश असताना बॉनेटखाली किती तापत असेल याचा अंदाज ज्याने दुपारी बॉनेट उघडले आहे त्याला असतोच. त्या उष्णतेने बॅटरीतले पाणी उडते, प्लेटांचा वरचा भाग कोरडा पडतो आणि आतली जाळी झपाट्याने झिजते. तरीही उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात गाडी चालू होत राहते, कारण इंजिनातले ऑइल तेव्हा पातळ असते आणि सेल्फला जोर कमी लागतो. डिसेंबरात दोन्ही बाजू एकदम उलटतात. ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला जास्त करंट लागतो, आणि थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावल्याने ती देते कमी. धडधाकट बॅटरी हे सोसते. उन्हाळ्याने अर्धमेली केलेली सोसत नाही. म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी साधा मल्टिमीटर लावून पाहावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ आला तर निम्मी उतरलेली आहे, आणि १२ च्या खाली असेल तर जवळपास रिकामी आहे. गाडी चालू करून पुन्हा पाहिले असता १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा मिळाला पाहिजे. तो मिळत नसेल तर दोष चार्जिंगचा आहे आणि नवी बॅटरीही काही दिवसांत तशीच बसेल. पाण्याची पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे पाणी नको आणि ॲसिडही नको.

बॅटरी ठीक असूनही सेल्फ नुसती टकटक करत असेल, तर बहुतेक मेकॅनिक सेल्फ उतरवायला घेतात. माझ्या मते त्याआधी पाच मिनिटे अर्थिंगच्या वायरीला द्यावीत, कारण जुन्या गाडीतले सर्वांत जास्त फसवे दुखणे तेथे असते. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणारी ही जाड वायर वरून अगदी धड दिसते. पण टोकाचे रबर नखाने मागे सारले की आत तांब्याच्या तारांऐवजी हिरवट भुकटी सापडते, आणि बोल्टखालच्या पत्र्यावर गंजाचा थर असतो. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर करंट वाटेतच अडतो आहे, असे खुशाल समजावे. मीटर नसेल तर जंपर केबलची एक तार बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनाला लावून पाहावी. सेल्फ एकदम ताठ फिरला की चोर सापडला. पत्रा पॉलिश पेपरने घासून, वायर बदलून, बोल्ट आवळून हे काम संपते. खुंट्यांवर साचणारी पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावी (त्या वेळी बॅटरीची झाकणे घट्ट बंद असावीत), कोरडी करावी आणि वर पेट्रोलियम जेली लावावी.

डिझेल गाड्यांत आणखी दोन दोष एकमेकांच्या नावावर खपतात. सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही. पकडली तर मिनिटभर अडखळते आणि डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर सोडते. हे लक्षण हीटर प्लगचे, म्हणजे चालू करतेवेळी इंजिनाला आतून ऊब देणाऱ्या विजेच्या प्लगचे. प्री-चेंबर (डिझेल आधी पेटते तो छोटा कप्पा) असलेल्या जुन्या इंजिनांना थंडीत या प्लगांवाचून गत्यंतर नसते, आणि चारपैकी दोन मेले तरी उन्हाळाभर मालकाला पत्ता लागत नाही. चारही प्लगांना जोडणारी पट्टी सोडवावी, टेस्ट लॅम्पची एक तार बॅटरीच्या प्लसला लावून दुसरी प्रत्येक प्लगच्या डोक्याला टेकवावी. दिवा लागला तो प्लग जिवंत, न लागला तो मेला. चारही जिवंत निघाले तर फ्यूज आणि रिले पाहावा. दुसरा दोष डिझेलच्या रबरी पाइपाचा. उन्हाने कडक झालेला पाइप थंडीत आकसतो, क्लिपपाशी हवा धरतो आणि रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरते. सकाळी फिल्टरवरचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबावा. तेवढ्यावर गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, तर हीटर प्लगांवर पैसे घालवू नयेत, पाइप आणि क्लिपा बदलाव्यात. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणीही याच वेळी काढून टाकावे.

पेट्रोलच्या कार्बोरेटर गाड्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चोकची केबल अर्ध्यात अडकत नाही ना हे पाहावे आणि स्पार्क प्लग घासून घ्यावेत. एलपीजी किट असेल तर थंड इंजिन पेट्रोलवर चालू करून ते कोमट झाल्यावरच गॅसवर घ्यावे, कारण द्रवाचा वायू करणाऱ्या, किटच्या व्हेपोरायझरला इंजिनाच्या गरम पाण्याचीच ऊब लागते.

आता थर्मोस्टॅटकडे, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेकडे येतो, कारण या बाबतीत आपल्या भागात एक चुकीची रीत वर्षानुवर्षे चालत आली आहे. मे महिन्यात गाडी गरम होते म्हणून तक्रार घेऊन गेले की मेकॅनिक थर्मोस्टॅटच काढून फेकतो आणि ‘आता कधी गरम होणार नाही’ असे सांगतो. पाणी थेट फिरू लागल्याने उन्हाळा निभतोही, पण हिवाळ्यात तेच इंजिन दिवसभर थंड राहते. तापमानाचा काटा तळाला चिकटतो, हीटर गार हवा फेकतो, ॲव्हरेज पडते आणि थंड इंजिनात इंधन नीट न जळल्याने ऑइलही लवकर खराब होते. काढलेला थर्मोस्टॅट जपून ठेवला असेल तर तो तपासणे सोपे आहे. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने लोंबता सोडावा आणि पाणी तापवावे. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान, म्हणजे पाणी खळखळण्याच्या बरेच आधी, त्याची तबकडी सावकाश उघडायला लागली पाहिजे आणि पाणी निवताना पुन्हा मिटली पाहिजे. उघडत नसेल तर नवा घ्यावा, पण जागा रिकामी ठेवू नये.

उन्हाळ्यात इंजिन तापण्याचे खरे कारण पुष्कळदा रेडिएटरमध्ये ओतलेले पाणी हेच असते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आम्ही राहतो. विहिरीचे जे पाणी पिकाला चालत नाही ते रेडिएटरला कसे चालेल? क्षारांनी नळ्या बुजतात, वॉटर पंप झिजतो, हीटरची जाळी गळते. कूलंट म्हणजे थंड प्रदेशातली चैन, हा समज म्हणूनच सोडला पाहिजे. येथे तो गोठण्यापासून वाचवण्यासाठी लागत नाही. गंज टाळण्यासाठी आणि उन्हाळ्यात उकळण्याची मर्यादा वाढवण्यासाठी लागतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे मिसळून तो हिवाळ्याच्या तोंडी, गाडी थंड असताना भरावा.

किरकोळ गोष्टींपैकी टायरांतली हवा विसरली जाते. पारा १० अंशांनी उतरला की सुमारे दीड पीएसआय हवा कमी होते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी भरलेली हवा कधी तपासलीच नाही, तर निव्वळ थंडीमुळे डिसेंबरच्या पहाटे ती ५ पीएसआयने उतरलेली असते. काचेवर आतून धुके धरत असेल तर तंबाखू किंवा कांदा चोळण्याऐवजी काच आतून स्वच्छ धुवावी, गाडीत एसी असेल तर हीटरबरोबर तोही चालू ठेवावा (तो हवेतला ओलावा काढतो), नसेल तर दोन बोटे खिडकी उघडी ठेवावी. उन्हाने वाळलेली वायपरची रबरे दिवाळीलाच बदलावीत. कापसाच्या बंड्या आणि ट्रॉल्या पहाटेच जिनिंगकडे निघतात, त्यांना मागे दिवा बहुधा नसतो आणि धुक्यात त्या हाताच्या अंतरावर आल्यावरच दिसतात. तेथे फरकटणारा वायपर ही किरकोळ बाब राहत नाही.

सोयाबीन निघाले की वावरातले उंदीर गावाकडे वळतात आणि धान्याच्या पोत्यांशेजारी उभी असलेली, रात्री उबदार राहणारी गाडी त्यांना आयतीच मिळते. वायरी कुरतडलेली गाडी ‘थंडीने बंद पडली’ म्हणून गॅरेजात जाते हे मी पाहिले आहे. त्याच उबेला मांजरही इंजिनावर येऊन बसते, म्हणून सेल्फ मारण्याआधी बॉनेटवर एक थाप मारावी.

काही गोष्टींपासून मात्र कडक शब्दांत परावृत्त करायला हवे. डिझेल टाकीखाली किंवा ऑइलच्या चेंबरखाली शेकोटी पेटवणे हा प्रकार अजून बंद झालेला नाही. दार लावलेल्या शेडमध्ये गाडी गरम करत ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, त्यामुळे माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो. शिवाय एवढा वेळ गाडी उभी तापवण्याची गरजही नसते. ऑइलचा दिवा विझल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून पहिले दोन किलोमीटर हळू चालवणे पुरते. हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नये, तापलेल्या प्लगवर त्याचा भडका उडतो. बॅटरी उतरलीच तर ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून केबल लावता येते, परंतु मोठ्या ट्रकांची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते आणि त्यावरून कार चालू करायला गेल्यास वायरिंग जळते. केबल लावताना प्लसला प्लस जोडावा, आणि मायनसचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीवर न लावता तिच्या गाडीच्या इंजिनाच्या धातूला लावावे, म्हणजे बॅटरीतल्या वायूजवळ ठिणगी उडत नाही.

हे सर्व गावातल्या कोणत्याही मेकॅनिकला येण्यासारखे आहे, परंतु तपासून सांगण्याचे पैसे कोणी देत नाही आणि सुटा भाग बदलण्याचे देतात, त्यामुळे तो बदलण्याकडेच झुकतो. यात एकट्या मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नाही. यावर एक सूचना करावीशी वाटते. अनेक तालुक्यांच्या शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक किंवा डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. तेथील विद्यार्थ्यांनी निदेशकांच्या देखरेखीखाली नोव्हेंबर महिन्यात आठवडी बाजाराच्या दिवशी जुन्या गाड्यांच्या तपासणीचे शिबिर भरवावे. मल्टिमीटर, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी), टेस्ट लॅम्प आणि हवेचे मीटर एवढ्या साहित्यावर ते होऊ शकते. दुरुस्ती तेथे करू नये. कोणता भाग ठीक आहे आणि कोणता बदलावा हे कागदावर लिहून मालकाच्या हाती द्यावे, म्हणजे तो कागद घेऊन त्याला आपल्या नेहमीच्या मेकॅनिककडे जाता येईल. आपल्या वृत्तपत्राने ही सूचना व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या नजरेस आणून द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती